मानसशास्त्राची मुळे नेमकी कुठे आहेत? इतिहास आणि काही रूढ गैरसमज

शोधयात्री (धागाकर्ता)

मानसशास्त्राचा इतिहास सांगताना बहुतेक ठिकाणी एकाच वाक्याने सुरुवात होते: १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी लाइप्झिग येथे पहिली प्रयोगशाळा काढली आणि मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे झाले. हे वाक्य खोटे नाही, परंतु त्यामुळे खरा प्रश्न झाकला जातो. मनातल्या घडामोडी मोजाव्यात, अशी निकड मुळात कोणाला आणि कशामुळे वाटली? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञांच्या ग्रंथांपेक्षा खगोलशास्त्रज्ञांच्या वेधशाळेत अधिक स्पष्टपणे सापडते, आणि ते एकदा समजून घेतले की या विषयाबद्दलचे अनेक गैरसमज कुठून आले हेही कळू लागते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्रीनिच वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन हे प्रमुख होते आणि डेव्हिड किन्नेब्रुक हे त्यांचे साहाय्यक. एखादा तारा दुर्बिणीतील उभ्या रेषेवरून कोणत्या क्षणी सरकला, याची नोंद त्या काळी डोळा आणि कान यांच्या जोडीने घेतली जात असे. निरीक्षकाने घड्याळाकडे पाहून सेकंद लक्षात ठेवायचा, मग दुर्बिणीला डोळा लावून लंबकाचे ठोके मनात मोजत राहायचे, आणि एका ठोक्याला तारा रेषेच्या किती अलीकडे होता व पुढच्या ठोक्याला किती पलीकडे गेला, यावरून सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने ठरवायचा. ऑगस्ट १७९५ पासून किन्नेब्रुक यांच्या नोंदी मॅस्केलिन यांच्या नोंदींपेक्षा अर्ध्या सेकंदाने मागे पडू लागल्या. त्यांना तशी समज देण्यात आली, तरीही जानेवारी १७९६ पर्यंत हा फरक सेकंदाच्या आठ-दशांशापर्यंत वाढला आणि त्यांची नोकरी गेली. मॅस्केलिन यांनी ही सर्व हकीकत वेधशाळेच्या छापील नोंदींमध्ये नमूद करून ठेवली, म्हणूनच ती आज आपल्याला ठाऊक आहे.

वीसेक वर्षांनी क्योनिग्सबर्ग येथील खगोलशास्त्रज्ञ फ्रीड्रिश बेसेल यांच्या वाचनात ही हकीकत आली. मन लावून काम करणारा, चुकीची जाणीव करून दिलेला माणूस इतका फरक मुद्दाम कशाला करील, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी स्वतःच्या नोंदी इतर नामवंत खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा तज्ज्ञांमध्येही सातत्याने फरक पडतो, आणि एका जोडीत तर तो जवळपास एका सेकंदाचा आहे, असे त्यांना १८२० च्या सुमारास आढळले. पुढे खगोलशास्त्रात या फरकाला ‘वैयक्तिक समीकरण’ असे नाव मिळाले. किन्नेब्रुक यांचा दोष नव्हता. पाहणे आणि ऐकणे यांची सांगड घालायला प्रत्येक मनाला आपापला वेळ लागतो, एवढेच त्या आठ-दशांश सेकंदांचे म्हणणे होते.

त्यानंतरच्या अर्ध्या शतकात हाच धागा शरीरशास्त्रज्ञांनी पुढे नेला. चेतातंतूंमधून संदेश इतक्या वेगाने जातो की त्याचे मोजमाप कधीच होणार नाही, असे योहानेस म्यूलर यांच्यासारखे थोर शरीरशास्त्रज्ञ मानत होते. त्यांचेच विद्यार्थी हरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास बेडकाच्या चेतातंतूला एकदा स्नायूच्या जवळ आणि एकदा स्नायूपासून दूर उद्दीपित केले, स्नायू आकुंचन पावण्यास लागलेल्या वेळेतील फरक मोजला आणि हा वेग सेकंदाला साधारण २५ ते ४० मीटर इतकाच असल्याचे दाखवून दिले. विचाराला वेळ लागतो ही गोष्ट तेव्हापासून प्रयोगाच्या आवाक्यात आली. १८६८ साली डच शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स डोंडर्स यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. आधीच ठरलेला शब्दावयव ऐकताच उच्चारण्यास किती वेळ लागतो आणि अनेकांपैकी कोणता ऐकू येईल हे ठाऊक नसताना तो ओळखून उच्चारण्यास किती वेळ लागतो, हे दोन्ही मोजून त्यांनी एकातून दुसरा वजा केला. उरलेला काळ त्यांनी निवड करण्याच्या मानसिक क्रियेचा मानला. दरम्यान १८६० साली गुस्ताव फेख्नर यांनी, एर्न्स्ट वेबर यांच्या वजनांच्या प्रयोगांचा आधार घेऊन, उद्दीपकाची तीव्रता आणि संवेदन यांचे गणिती नाते मांडले होते. हातातले वजन हलके असेल तर त्यात थोडीशी भर पडली तरी ती जाणवते. वजन जड असेल तर तेवढीच भर जाणवत नाही, आणि जाणवण्यासाठी लागणारी भर मूळ वजनाच्या ठरावीक प्रमाणात असते, हे वेबर यांचे निरीक्षण आजही पुष्कळ अंशी टिकून आहे.

वुंट हे या परंपरेतून आले. ते वैद्यकशास्त्र शिकलेले होते आणि हायडेलबर्ग येथे त्यांनी हेल्महोल्ट्झ यांचे साहाय्यक म्हणून काम केले होते. लाइप्झिगच्या प्रयोगशाळेत सेकंदाचा हजारावा भाग मोजणारी कालमापके होती, आणि तेथे प्रयोग करणारा व ज्याच्यावर प्रयोग होतो तो यांच्या भूमिका आलटून पालटून बदलत असत. खुद्द वुंटही निरीक्षित व्यक्ती म्हणून बसत. तेथे लोक डोळे मिटून तासन्‌तास स्वतःच्या मनात डोकावत असत, असे जे चित्र रंगवले जाते ते चुकीचे आहे. वुंट यांना आरामखुर्चीतील आत्मचिंतनाचा तिटकारा होता. ठरावीक उद्दीपक दिल्यावर ताबडतोब सांगता येईल असा साधा निर्णय आणि त्याला लागलेला वेळ, एवढ्यावरच त्यांचा भर असे. लांबलचक अंतर्निरीक्षणाची पद्धत पुढे त्यांचे विद्यार्थी एडवर्ड टिचनर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात रूढ केली आणि तीच वुंट यांच्या नावावर खपली. याचे एक कारण असे, की १९२९ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा सर्वाधिक प्रभावी ठरलेला इतिहास लिहिणारे एडविन बोरिंग हे टिचनर यांचे विद्यार्थी होते. भाषा, मिथके आणि रूढी यांचा अभ्यास प्रयोगशाळेत होऊ शकत नाही, त्यासाठी समाजाकडेच पाहिले पाहिजे, असे मानून वुंट यांनी १९०० ते १९२० या काळात दहा खंड लिहिले, ही बाब तर अनेक पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ गायबच आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की मानसशास्त्राचा जन्म मनाचे गूढ उकलण्याच्या हौसेतून जितका झाला, त्याहून अधिक तो ‘पाहणाऱ्यावर कितपत विश्वास ठेवावा’ या अडचणीतून झाला. आपली मते, आक्षेप आणि आपल्या ऐकण्यात आलेले गैरसमज येथे जरूर मांडावेत.

मुक्तछंद

लेख अतिशय आवडला. किन्नेब्रुक यांची हकीकत मला पूर्णपणे नवीन होती. एक प्रश्न विचारतो. मानसशास्त्राचे बरेचसे निष्कर्ष ऐकल्यावर ‘हे तर कोणालाही ठाऊक असते’ असे वाटते. हाही गैरसमजच मानायचा, की त्यात काही तथ्य आहे?

अंतर्नाद

धाग्याचा विषय चांगला आहे, परंतु एवढ्या दीर्घ लेखात सिग्मंड फ्रॉइड यांचे नावही येऊ नये, हे मला पटले नाही. सामान्य माणसाला मानसशास्त्र म्हटले की फ्रॉइडच आठवतात, आणि त्याला कारण आहे. माणूस आपल्या कृतींची जी कारणे सांगतो ती खरी असतीलच असे नाही, हे त्यांनी जगाला शिकवले. आपण ‘पाहणाऱ्यावर विश्वास ठेवावा का’ हा जो प्रश्न केंद्रस्थानी ठेवला आहे, तो फ्रॉइड यांच्याइतका खोलवर कोणी नेला?

शोधयात्री

अंतर्नाद, आपला आक्षेप महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

फ्रॉइड यांना मी जाणीवपूर्वक बाजूला ठेवले, कारण ‘मानसशास्त्र म्हणजे फ्रॉइड’ हाच या विषयाबद्दलचा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. फ्रॉइड हे चेताविकारतज्ज्ञ होते. व्हिएन्ना येथे एर्न्स्ट ब्रुके यांच्या शरीरशास्त्र प्रयोगशाळेत त्यांनी माशांच्या आणि इतर प्राण्यांच्या चेतापेशींवर बारकाईने काम केले होते, पण लाइप्झिगच्या परंपरेतील मानसशास्त्राशी त्यांचा संबंध फारसा आला नाही. मनोविश्लेषण ही उपचाराची आणि विचाराची एक स्वतंत्र शाखा म्हणून वाढली, आणि विद्यापीठांतील मानसशास्त्राने तिच्याशी कधी जवळीक केली तर कधी भांडण.

दुसरे असे, की नेणिवेचा शोध फ्रॉइड यांनी लावला असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. आपल्याला जाणवत नाहीत अशी सूक्ष्म संवेदने असतात, असे लायबनिट्झ यांनी सतराव्या-अठराव्या शतकाच्या संधिकाळातच मांडले होते. हर्बार्ट यांनी जाणिवेच्या उंबरठ्याची कल्पना दिली आणि हेल्महोल्ट्झ यांनी आपले दृष्टिज्ञान हे नकळत केलेल्या अनुमानांवर उभे असते, असे सांगितले. एडुआर्ड फॉन हार्टमान यांचा नेणिवेच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथ १८६९ साली निघाला, त्या वेळी फ्रॉइड शाळकरी वयाचे होते. फ्रॉइड यांचे स्वतःचे देणे वेगळे आहे आणि ते मोठे आहे: दडपलेल्या इच्छांचे एक गतिमान चित्र त्यांनी उभे केले आणि रुग्णाचे बोलणे तासन्‌तास ऐकून घेणे हा उपचाराचा गाभा बनवला. त्या ऐकण्याचा मान आपण ठेवलाच पाहिजे. मात्र आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर, रुग्णाच्या सांगण्यावर शंका घेणाऱ्या फ्रॉइड यांनी ऐकणाऱ्या विश्लेषकाचा अर्थ चुकला तर तो कसा पकडायचा, याची खात्रीलायक रीत दिली नाही, आणि नेमकी हीच माझी अडचण आहे.

मुक्तछंद यांच्या प्रश्नाला १९७५ च्या सुमारास बारूख फिशहॉफ यांनी केलेल्या प्रयोगांतून फार सुंदर उत्तर मिळते. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाण्यापूर्वी लोकांना विचारण्यात आले, की अमुक घटना घडण्याची शक्यता किती वाटते. दौरे पार पडल्यानंतर त्याच लोकांना स्वतःचे जुने अंदाज आठवायला सांगितले, तेव्हा ज्या घटना प्रत्यक्षात घडल्या त्यांना आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असे बहुतेकांना आठवले. ‘हे तर ठाऊकच होते’ ही भावना निष्कर्ष कळल्यानंतर तयार होते, आणि ती इतकी खरी वाटते की आपण तिची तपासणी करत नाही. परस्परविरोधी म्हणी आपण एकाच सहजतेने वापरतो, याचेही कारण बहुधा हेच असावे.

पिंपळपान

धागाकर्त्यांच्या मांडणीशी मी अंशतः सहमत आहे. मात्र मनाविषयीचा पद्धतशीर विचार युरोपात एकोणिसाव्या शतकात सुरू झाला असा समज यातून होऊ नये, म्हणून हा प्रतिसाद.

न्यायसूत्रांत मनाच्या अस्तित्वाचे गमक म्हणून ‘युगपज्ज्ञानानुत्पत्तिर्मनसो लिङ्गम्’ असे सूत्र आहे. डोळे, कान, त्वचा ही इंद्रिये एकाच वेळी आपापल्या विषयांच्या संपर्कात असतात, तरीही सर्व ज्ञाने एकदम उत्पन्न होत नाहीत. यावरून इंद्रियांखेरीज आणखी काही तरी मर्यादित साधन मध्ये असले पाहिजे, आणि ते साधन म्हणजे मन, असा हा युक्तिवाद आहे. अवधानाची मर्यादा हा आजच्या बोधात्मक मानसशास्त्राचा एक मुख्य विषय आहे, आणि आपण वर्णन केलेल्या वेधशाळेतील अडचणही, डोळा आणि कान एकाच क्षणी सांभाळता न येण्याची, याच स्वरूपाची नव्हे काय? योगसूत्रांत चित्तवृत्तींचे प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती असे पाच प्रकार सांगितले आहेत. ॲरिस्टॉटल यांनी स्मृतीवर स्वतंत्र प्रकरण लिहून साम्य, विरोध आणि सान्निध्य यांमुळे एक आठवण दुसरीला ओढून आणते, असे म्हटले आहे. एवढे सगळे असताना १८७९ हे जन्मवर्ष म्हणणे मला संकुचितपणाचे वाटते.

शोधयात्री

पिंपळपान, न्यायसूत्राचा आपण दिलेला दाखला इतका चपखल आहे की तो मूळ लेखात असायला हवा होता असे वाटले. आपल्या यादीत मी इब्न अल-हैथम यांची भर घालीन. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी दृष्टीविषयी लिहिताना असे मांडले, की वस्तू ओळखण्यात पूर्वीच्या अनुभवाचा आणि अतिशय जलद, नकळत केलेल्या निर्णयाचा वाटा असतो. हेल्महोल्ट्झ यांच्या कित्येक शतके आधीचे हे म्हणणे आहे.

हरमान एबिंगहाउस यांनी १९०८ साली लिहिले होते, की मानसशास्त्राचा भूतकाळ दीर्घ आहे परंतु इतिहास अल्प आहे. मी त्या वाक्याचा अर्थ असा घेतो: प्रश्न फार जुने आहेत, आणि त्यांतील काही प्राचीनांनी आपल्याहून नेमके विचारले आहेत, नवीन आहे ती फक्त उत्तर चुकीचे ठरवण्याची रीत. एबिंगहाउस यांचेच उदाहरण घ्यावे. स्मृतीविषयी त्यांच्या आधी शेकडो विद्वानांनी लिहिले होते. त्यांनी अर्थाचा आधार मिळू नये म्हणून सुमारे २,३०० निरर्थक शब्दावयव तयार केले, त्यांच्या याद्या एका ठरावीक गतीने वाचून स्वतः पाठ केल्या, आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो हे मोजले. विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते आणि नंतर मंदावते, हा त्यांचा १८८५ सालचा निष्कर्ष दुसऱ्या कोणालाही तपासता येण्याजोगा होता, आणि तो तपासला गेलाही. न्यायसूत्राचा युक्तिवाद तर्काने खोडता येतो किंवा मान्य करता येतो. मात्र अवधान एका विषयावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ घेते, हे त्यातून कळत नाही. दोन्ही परंपरांमध्ये उच्चनीच ठरवण्याचा माझा हेतू नाही. तरीही ‘आमच्या ग्रंथांत हे सगळे आधीच होते’ असे जेव्हा कोणत्याही संस्कृतीचा माणूस म्हणतो, तेव्हा त्या ग्रंथांचे वेगळेपणच पुसले जाते, असे मला मनापासून वाटते.

रुग्णसंवाद

मी चिकित्सा मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करते. नव्याने ओळख झालेल्या माणसाला व्यवसाय सांगितला की पुढचे वाक्य बहुधा ‘म्हणजे तुम्ही आता माझ्या मनातले ओळखणार’ असे असते. काहीजण त्यानंतर जपून बोलू लागतात, आणि ते पाहून वाईट वाटते. मनातले ओळखण्याची कोणतीही विद्या आमच्याकडे नसते. आम्ही प्रश्न विचारतो, ऐकतो, चाचण्या देतो आणि आपला अंदाज चुकत तर नाही ना हे पुन्हा पुन्हा पडताळतो. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधे लिहून देणे हा त्यांच्या कामाचा भाग असतो, तर मानसशास्त्रज्ञांचा मार्ग वेगळ्या शिक्षणातून जातो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर उपचार हा मानसशास्त्राचा मूळ व्यवसायच नव्हता. लायटनर विटमर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय १८९६ साली काढले, आणि तेही शाळेत अडचणी येणाऱ्या मुलांसाठी. त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या मुलांपैकी एकाला शुद्धलेखन जमत नव्हते. विटमर हे वुंट यांचेच विद्यार्थी होते. मानसोपचार हे मानसशास्त्रज्ञांचे मोठे कार्यक्षेत्र बनले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, परतलेल्या सैनिकांच्या गरजांमुळे.

आणखी एका दंतकथेविषयी लिहिते, कारण ती माझ्या जिव्हाळ्याची आहे. फिलिप पिनेल यांनी फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात मनोरुग्णांच्या साखळ्या तोडल्या, ही कथा सर्वत्र सांगितली जाते आणि तिची भव्य चित्रेही काढली गेली. वस्तुस्थिती अशी, की बिसेत्रमध्ये साखळ्या काढण्याचे काम १७९७ साली झाले, आणि ते केले झाँ-बाप्तिस्त प्युसां यांनी. ते डॉक्टर नव्हते. ते त्याच रुग्णालयात गंडमाळेवर उपचार घेण्यासाठी आलेले एक चर्मकार होते. बरे झाल्यावर तेथेच राहिले, आणि पुढे त्यांच्याकडे मनोरुग्णांच्या विभागाची देखरेख आली. त्यांची पत्नी मार्गरित याही या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. रुग्णांना मारहाण करण्यास त्यांनी सेवकांना बंदी केली आणि बऱ्या झालेल्या रुग्णांमधून सेवक नेमले. पिनेल यांचा मोठेपणा असा, की त्यांनी प्युसां यांच्याकडून शिकल्याचे स्वतः लिहून ठेवले आणि सालपेत्रिएर रुग्णालयात गेल्यावर त्यांना तेथे बोलावून घेतले. साखळ्या तोडणारा एकटा डॉक्टर ही प्रतिमा पुढच्या पिढ्यांना अधिक सोयीची वाटली, आणि रुग्णांसोबत राहून शिकलेल्या एका सामान्य माणसाचे नाव तिच्याखाली दबून गेले.

उलटतपासणी

प्युसां यांच्याविषयी वाचून फार बरे वाटले. त्याच धर्तीवर आणखी दोन उदाहरणे देतो, कारण गैरसमज केवळ सामान्य लोकांत असतात असे नाही. ते पाठ्यपुस्तकांतूनही पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात.

पहिले उदाहरण फिनिअस गेज यांचे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू असताना स्फोट झाला, आणि सुमारे एक मीटर लांबीची, सहा किलो वजनाची लोखंडी कांब त्यांच्या डाव्या गालाखालून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. ते वाचले. डॉक्टर जॉन हार्लो यांनी १८६८ साली लिहिले, की त्यांचा स्वभाव चंचल, उद्धट आणि हट्टी झाला, आणि ‘हे आता पूर्वीचे गेज नव्हेत’ असे त्यांचे परिचित म्हणत. या थोड्याशा ओळींवर पुढे दारूडा, भटका, कायमचा बिघडलेला माणूस अशी गोष्ट रचली गेली. प्रत्यक्षात गेज यांनी चिली देशात जाऊन कित्येक वर्षे घोडागाडी हाकली. अनेक घोडे एका वेळी सांभाळणे, ठरलेल्या वेळा पाळणे, प्रवाशांशी आणि परक्या भाषेशी जुळवून घेणे हे सर्व त्या कामात आले. त्यांच्या वर्तनात मोठा बदल झाला होता हे खरे, परंतु कालांतराने त्यांनी बरेचसे आयुष्य पुन्हा सावरले असावे, असे मानण्यास या नोकरीमुळे जागा उरते. १८६० साली आकड्या येऊन त्यांचा मृत्यू झाला. मेंदूची इजा म्हणजे माणूस संपला, असा अर्थ विद्यार्थ्यांना शिकवला जातो तेव्हा त्यांच्या आयुष्यातील ही वर्षे वगळलेली असतात.

दुसरे उदाहरण इव्हान पावलोव्ह यांचे. त्यांना मानसशास्त्रज्ञ म्हटले जाते. ते शरीरशास्त्रज्ञ होते आणि १९०४ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना पचनक्रियेवरील संशोधनासाठी मिळाले. कुत्रा आणि घंटा ही जोडी सर्वांच्या डोक्यात पक्की बसली आहे, मात्र त्यांच्या प्रयोगशाळेत ठोके देणारे तालमापक यंत्र, दिव्याचा प्रकाश, त्वचेला स्पर्श अशी नेमकी नियंत्रित करता येणारी उद्दीपके प्रामुख्याने वापरली जात.

माणूस मेंदूचा केवळ दहा टक्के भाग वापरतो, हा समज तर खोडण्याचाही कंटाळा यावा इतका जुना आहे. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही सुमारे वीस टक्के ऊर्जा खर्च करतो.

मुक्तछंद

एक शंका राहून राहून येते. इतिहासच इतका दुरुस्त करावा लागत असेल, आणि प्रसिद्ध प्रयोगही पुन्हा केल्यावर तेच निष्कर्ष देत नाहीत असे अलीकडे वाचनात येते, तर या शास्त्रावर विश्वास ठेवायचा कसा?

शोधयात्री

ही शंका गंभीर आहे आणि तिला बगल देणे योग्य होणार नाही. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातील १०० प्रकाशित अभ्यासांची पुनरावृत्ती केली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के अभ्यासांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष होते. पुनरावृत्तीत ते ३६ टक्के अभ्यासांतच मिळाले. हे आकडे अस्वस्थ करणारे आहेत. परंतु ते मानसशास्त्रज्ञांनीच काढले आणि स्वतःच जाहीर केले, आणि त्यानंतर अभ्यास सुरू करण्यापूर्वीच आपली पद्धत व अपेक्षा नोंदवून ठेवण्याची प्रथा पसरत गेली.

या संदर्भात हान्स नावाच्या घोड्याची हकीकत मला फार मोलाची वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन येथे फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हा घोडा बेरजा, अपूर्णांक, तारखा यांची उत्तरे खूर आपटून देत असे. १९०४ साली एका समितीने पाहणी केली आणि त्यात लबाडी नसल्याचा निर्वाळा दिला. तो निर्वाळा बरोबर होता. मालक खरोखरच प्रामाणिक होता. नंतर कार्ल श्टुम्फ यांचे विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट यांनी साधीच युक्ती केली: प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था केली. घोडा लगेच चुकू लागला. विचारणारा दिसू नये म्हणून डोळ्यांना झापडे लावली, तेव्हाही तो चुकला. मग फुंग्स्ट यांनी घोड्याऐवजी माणसांकडे निरखून पाहिले. प्रश्न संपताच विचारणारा किंचित पुढे वाकत असे, आणि खुरांचे ठोके योग्य आकड्यावर येताच त्याचे डोके अगदी सूक्ष्म प्रमाणात वर उचलले जात असे. त्याला स्वतःला याचा पत्ताही नसे. ही हालचाल माहीत झाल्यावरही ती थांबवणे फुंग्स्ट यांना स्वतःला जड गेले. प्रयोग करणाऱ्यालाही अपेक्षित उत्तर ठाऊक नसावे, हा आज औषधांच्या चाचण्यांत पाळला जाणारा दंडक समजून घेण्यास याहून चांगला धडा मला माहीत नाही. प्रत्येक निष्कर्षावर सारखाच विश्वास ठेवा असे मी म्हणणार नाही. एखाद्या अभ्यासात पाहणाऱ्याची अपेक्षा आड येऊ नये म्हणून काय केले होते, हे विचारावे, आणि त्यानुसार विश्वास कमी-अधिक करावा.

सावली

इतक्या चर्चेत एकाही संशोधक स्त्रीचे नाव आले नाही, म्हणून लिहिते. आरंभीच्या काळात या शास्त्रात स्त्रिया नव्हत्याच, असा एक समज आहे. मेरी कॅल्किन्स यांनी हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स आणि ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे संशोधन केले, रंग आणि अंक यांच्या जोड्या लक्षात ठेवायला लावून स्मृती तपासण्याची पद्धत रूढ केली आणि १८९५ पर्यंत डॉक्टरेटच्या सर्व अटी पूर्ण केल्या. प्राध्यापकांनी शिफारस करूनही विद्यापीठाने केवळ स्त्री असल्यामुळे त्यांना पदवी नाकारली. पुढे संलग्न महिला महाविद्यालयाची पदवी देऊ केली गेली, ती त्यांनी स्वीकारली नाही. १९०५ साली त्या अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. जोड्यांची ती पद्धत आजही वापरली जाते. तिच्यासोबत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते.

जाता जाता एक प्रश्न. बुद्धिगुणांक हा जन्मभर न बदलणारा आकडा असतो, असे मानणारे पालक माझ्या पाहण्यात आहेत. या समजाचे मूळ कशात आहे, हे कोणी सांगू शकेल काय?

शोधयात्री

सावली, कॅल्किन्स यांच्याविषयी लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपल्या प्रश्नातील समज आल्फ्रेड बिने यांच्या नावावर चिकटला आहे, आणि त्यांच्यावर हा अन्याय आहे. फ्रान्समध्ये सक्तीचे शिक्षण सुरू झाल्यावर कोणत्या मुलांना विशेष साहाय्याची गरज आहे हे शिक्षकांच्या मर्जीवर सोडू नये, म्हणून बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ साली तीस कृतींची एक श्रेणी तयार केली. हलणाऱ्या ज्योतीचा डोळ्यांनी पाठपुरावा करणे येथपासून ते दोन अमूर्त कल्पनांतील भेद सांगणे येथपर्यंत त्या कृती चढत जात. बिने यांनी त्यातून एकच कायमचा आकडा काढला नव्हता. मुलाच्या मानसिक वयाला त्याच्या प्रत्यक्ष वयाने भागून गुणांक काढण्याची कल्पना विल्यम स्टर्न यांनी १९१२ साली, म्हणजे बिने यांच्या मृत्यूनंतर, मांडली, आणि शंभराने गुणलेला आकडा लुइस टर्मन यांनी १९१६ साली अमेरिकेत प्रचलित केला. बुद्धी प्रामुख्याने आनुवंशिक आणि अचल असते, ही भूमिकाही त्या चाचणीला अमेरिकेत जाऊन चिकटली. बिने यांनी १९०९ साली अशा मतांना क्रूर निराशावाद म्हटले होते, आणि मागे पडलेल्या मुलांच्या अवधानाचा व स्मरणाचा सराव करून घेण्यासाठी खास व्यायामही सुचवले होते.

त्या पालकांना एवढे अवश्य सांगावे, की समवयस्कांच्या तुलनेतील स्थान मोठ्या वयात बरेचसे स्थिर राहत असले, तरी लहान वयातील गुण पुढे लक्षणीय बदलू शकतात, आणि झोप, आजारपण, चाचणीची भाषा यांचाही त्यांवर परिणाम होतो. अहवाल हातात आला की एकूण आकड्याआधी कोणत्या कृती मुलाला जमल्या आणि कोणत्या जमल्या नाहीत, हे चाचणी घेणाऱ्या व्यक्तीला विचारावे. बिने यांना शिक्षकांच्या हाती नेमकी तीच माहिती द्यायची होती.